वास्लाव निजिन्स्की

वास्लाव फोमिच निजिन्स्की (१२ मार्च, इ.स. १८८९ : कीव्ह, रशियन साम्राज्य - ८ एप्रिल, इ.स. १९५० : लंडन, इंग्लंड) हे पोलिश वंशाचे रशियन बॅले नर्तक आणि नृत्यरचनाकार होते. त्यांचे जन्मवर्ष काही ठिकाणी इ.स. १८९० असेही दिलेले आढळते. सर्गेई द्यागिलेव यांनी उभारलेल्या 'बॅले रूस' या नृत्यमंडळीचे ते सर्वांत नामवंत पुरुष नर्तक होते. नर्तिकेलाच केंद्रस्थानी ठेवणाऱ्या तत्कालीन बॅलेत पुरुष नर्तकाला पुन्हा मानाचे स्थान मिळवून देण्याचे श्रेय प्रामुख्याने त्यांना दिले जाते.

निजिन्स्की यांची व्यावसायिक कारकीर्द इ.स. १९०७ ते इ.स. १९१७ अशी जेमतेम दहा वर्षांची होती. त्यांची उंच झेप त्यांच्या हयातीतच दंतकथा बनली. ती झेप प्रेक्षकांना सहजसाध्य वाटे; प्रत्यक्षात तिच्यामागे नित्याचा सराव, अंगमर्दन, विश्रांती आणि पडद्यामागे झटणाऱ्या माणसांची काळजी होती. हे पाठबळ ज्या ज्या हंगामात कमी पडले, त्या त्या हंगामात त्यांच्या देहाने माघार घेतल्याचे त्यांच्या चरित्रात दिसते.

बालपण आणि कुटुंब

वास्लाव यांचे वडील तोमाश निजिन्स्की आणि आई एलेओनोरा बेरेदा हे दोघेही फिरत्या मंडळ्यांतून काम करणारे नर्तक होते. थोरला भाऊ स्तानिस्लाव, वास्लाव आणि धाकटी बहीण ब्रोनिस्लावा ही त्यांची तीन अपत्ये. स्तानिस्लाव लहानपणी खिडकीतून खाली पडला व त्यानंतर त्याची मानसिक वाढ खुंटली. पुढे वडिलांनी कुटुंबाचा त्याग केला. एलेओनोरा यांनी मुलांना घेऊन सेंट पीटर्सबर्ग येथे बिऱ्हाड केले आणि हलाखीत त्यांना वाढवले. ब्रोनिस्लावा निजिन्स्का याही पुढे विसाव्या शतकातील महत्त्वाच्या नृत्यरचनाकार म्हणून प्रसिद्धीस आल्या. भावाच्या कामात त्यांचा वाटा मोठा होता.

शिक्षण

इ.स. १८९८ मध्ये वास्लाव यांना सेंट पीटर्सबर्ग येथील शाही नाट्यविद्यालयात प्रवेश मिळाला. तेथे विद्यार्थ्यांच्या निवासाची, भोजनाची आणि शिक्षणाची सोय सरकारी खर्चाने होत असे. सर्गेई लेगात, निकोलाय लेगात आणि मिखाईल ओबुखोव्ह हे त्यांचे शिक्षक होते. अभ्यासाच्या विषयांत ते मागे राहत. नृत्याच्या वर्गात मात्र त्यांच्या तोडीचा विद्यार्थी नव्हता. अबोल स्वभाव आणि चेहऱ्याची वेगळी ठेवण यांमुळे सहाध्यायी त्यांना चिडवत.

इ.स. १९०१ मध्ये काही मुलांनी त्यांना एका जड लाकडी संगीत-घोडीवरून उडी मारून दाखवण्यास डिवचले. त्या उडीत ते घोडीवर आदळले व त्यांच्या पोटाला गंभीर दुखापत झाली. त्यांना दीर्घकाळ रुग्णालयात राहावे लागले. ज्या झेपेने पुढे त्यांना कीर्ती दिली, तिच्यापायीच शाळकरी वयात त्यांचा जीव धोक्यात आला होता.

इ.स. १९०७ मध्ये शिक्षण पूर्ण करून ते मारिइन्स्की नाट्यगृहाच्या बॅलेत दाखल झाले. नवशिक्यांना सहसा समूहातच उभे राहावे लागे. निजिन्स्की यांना मात्र लवकरच मातिल्दा क्शेसिन्स्का, आना पावलोव्हा आणि तमारा कार्साविना यांसारख्या अग्रगण्य नर्तिकांचे जोडीदार म्हणून संधी मिळाली. याच काळात इटालियन शिक्षक एनरिको चेकेत्ती यांचेही मार्गदर्शन त्यांना लाभले.

बॅले रूस

इ.स. १९०८ मध्ये निजिन्स्की यांची द्यागिलेव यांच्याशी ओळख झाली. दोघांमध्ये व्यावसायिक तसेच खाजगी जवळीक निर्माण झाली. द्यागिलेव यांनी रशियन नर्तकांना एकत्र करून इ.स. १९०९ च्या मे महिन्यात पॅरिसच्या शात्ले नाट्यगृहात पहिला हंगाम केला. निजिन्स्की यांच्या नृत्याने पॅरिसचे प्रेक्षक थक्क झाले. हंगाम संपताना मात्र त्यांना विषमज्वराने गाठले आणि काही काळ अंथरुणाला खिळून राहावे लागले.

इ.स. १९१० च्या हंगामात 'शेहेरेझाद' मधील गुलामाची त्यांची भूमिका गाजली. इ.स. १९११ च्या जानेवारीत मारिइन्स्की येथे 'जिझेल' या बॅलेत अलेक्सांद्र बेन्वा यांनी रेखाटलेला तंग पोशाख त्यांनी वापरला. तो असभ्य ठरवून त्यांना शाही नाट्यगृहातून काढून टाकण्यात आले. त्यामुळे ते पूर्णवेळ द्यागिलेव यांच्या मंडळीचे झाले आणि बॅले रूस ही वर्षभर काम करणारी फिरती मंडळी बनली.

या बदलाचा नर्तकांच्या शरीरावर थेट परिणाम झाला. शाही नाट्यगृहात नर्तकांना ठराविक अंतराने प्रयोग, वर्षासन आणि निवृत्तिवेतन होते. फिरत्या मंडळीत उत्पन्न प्रयोगांवर अवलंबून असे. इ.स. १९११ मध्ये मंडळीने एप्रिलमध्ये माँटे कार्लो, मेमध्ये रोम, जूनमध्ये पॅरिस आणि लगोलग लंडन असे प्रयोग केले. सकाळी वर्ग, दुपारी नव्या बॅलेची तालीम, रात्री प्रयोग आणि मधूनच प्रवास असा क्रम महिनोन् महिने चाले.

'गुलाबाचे भूत' आणि खिडकीतील झेप

१९ एप्रिल, इ.स. १९११ रोजी माँटे कार्लो येथे मिखाईल फोकिन यांनी रचलेल्या 'ल स्पेक्त्र द ला रोझ' (गुलाबाचे भूत) या लहानशा बॅलेचा पहिला प्रयोग झाला. संगीत वेबर यांचे होते. नृत्यसमारंभाहून परतलेली एक तरुणी खुर्चीत झोपी जाते आणि तिच्या हातातील गुलाबाचा आत्मा स्वप्नात येऊन तिच्याबरोबर नाचतो, असे कथानक आहे. तरुणीची भूमिका कार्साविना यांनी केली. निजिन्स्की यांच्या अंगावर लेऑन बाक्स्त यांनी योजलेला रेशमी पाकळ्यांचा पोशाख असे.

या बॅलेत पुरुष नर्तकाला जवळजवळ विश्रांती न घेता नाचावे लागते. शेवटी तो उघड्या खिडकीतून झेप घेऊन दिसेनासा होतो. झेपेचा उतरता भाग प्रेक्षकांना दिसत नसल्याने नर्तक हवेतच विरून गेल्यासारखा वाटे. पडद्यामागे मात्र माणसे त्याला झेलण्यासाठी सज्ज असत. धापा टाकणाऱ्या निजिन्स्की यांना पाणी देणे, गरम पंचांनी अंग पुसणे, वारा घालणे ही कामे तेथे चालत. मुष्टियोद्ध्याला फेरी संपल्यावर सावरावे तशा या दृश्याचे वर्णन लेखक झाँ कोक्तो यांनी केले आहे व त्यावर व्यंगचित्रही काढले आहे. या बॅलेची मागणी एवढी वाढली की निजिन्स्की यांना ती झेप पुढे अनेक देशांत असंख्य वेळा घ्यावी लागली.

देहरचना आणि साधना

निजिन्स्की यांची उंची सुमारे पाच फूट चार इंच होती. मांड्या आणि पोटऱ्या भरीव असल्याने प्रत्यक्ष भेटीत ते ठेंगणे व जडसर वाटत. रंगमंचावर मात्र तेच शरीर हलके भासे. त्यांच्या पायांची हाडे पक्ष्यासारखी असल्याची वदंता त्यांच्या काळापासून प्रचलित आहे. तिला शरीरशास्त्राचा आधार नाही.

ते हवेत क्षणभर थांबतात असे प्रेक्षकांना वाटे. उभ्या उडीत शरीर एकूण वेळेपैकी निम्मा वेळ उंचीच्या वरच्या चतुर्थांशात असते. त्या क्षणी नर्तकाने हात-पाय योग्य रीतीने उचलले, तर डोके आणि धड एकाच पातळीवर तरंगल्यासारखे दिसतात. उडीची उंची नितंब, गुडघा आणि घोटा या तिन्ही सांध्यांच्या एकत्रित जोरावर ठरते. उतरताना पायांवर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार येतो. तो पेलण्यासाठी नर्तक आधी बोटे, मग टाच टेकवतो आणि गुडघे मऊपणे वाकवतो. पोटरीचे स्नायू, टाचेमागची कंडरा आणि तळपायाची कमान यांना हा भार रोज सोसावा लागतो.

निजिन्स्की प्रयोगाच्या दिवशीही सराव चुकवत नसत. चेकेत्ती हे मंडळीबरोबर प्रवास करत आणि रोजचा वर्ग घेत. त्या वर्गात आठवड्याच्या प्रत्येक वारी वेगळे व्यायाम नेमलेले असत. त्यामुळे शरीराच्या सर्व भागांना आळीपाळीने काम मिळे आणि एकाच स्नायूवर सतत ताण येत नसे. वासिली झुइकोव्ह हा सेवक निजिन्स्की यांच्या कपड्यांची, विश्रांतीची आणि खोलीत कोणाला सोडायचे याचीही काळजी घेई.

हंगामातील मालिश

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अ‍ॅम्स्टरडॅमचे वैद्य योहान गेऑर्ग मेत्सगर यांच्या कार्यामुळे युरोपीय वैद्यकात मालिशला प्रतिष्ठा लाभली होती. लंडनमध्ये इ.स. १८९४ मध्ये प्रशिक्षित मालिशकार महिलांची संस्था स्थापन झाली होती. तिच्यातूनच पुढे ब्रिटनमधील भौतिकोपचार तज्ज्ञांची संघटना विकसित झाली. बॅले रूसचे हंगाम सुरू झाले तेव्हा युरोपातील मोठ्या शहरांत हा व्यवसाय रुळलेला होता. निजिन्स्की यांच्या पत्नी रोमोला यांनी लिहिलेल्या चरित्रात त्यांना मालिश करणाऱ्याचा उल्लेख येतो.

बॅले नर्तकाच्या मालिशमध्ये प्रयोगापूर्वीचे आणि प्रयोगानंतरचे काम वेगवेगळे असते. प्रयोगापूर्वी हलके, जलद चोळून व थोपटून अंगात ऊब आणली जाते. या वेळी खोलवर दाब देत नाहीत, कारण सैल पडलेला स्नायू उडीच्या क्षणी पुरेसा जोर देत नाही. प्रयोगानंतर पावलाकडून मांडीकडे सावकाश हात फिरवणे, पोटऱ्या व मांड्या कणकेसारख्या मळणे आणि तळपाय व टाचेची कंडरा यांवर अंगठ्याने गोलाकार घासणे असा क्रम असतो. याने ठणका आणि ताठरपणा कमी वाटतो, मन शांत होते व झोप लागण्यास मदत होते. रोज तेच शरीर हाताळणाऱ्या मालिशकाराला नर्तकाच्या आधी एखादी गाठ किंवा सूज जाणवू शकते. दुखणे बळावण्यापूर्वीच त्याची सूचना मिळणे हा हंगामाच्या दृष्टीने मालिशचा मोठा लाभ होय.

मालिशच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. फाटलेली कंडरा किंवा मोडलेले हाड तिने जुळत नाही. नुकत्याच मुरगळलेल्या घोट्यावर जोराने चोळल्यास सूज वाढते. अशा वेळी विश्रांती आणि थंड शेक हितावह असतो. मालिशने दुखणे तात्पुरते दबले आणि नर्तक त्याच रात्री पुन्हा नाचला, तर मूळ इजा वाढते. मालिश विश्रांतीला पूरक आहे. ती विश्रांतीची जागा घेऊ शकत नाही.

नृत्यरचना

निजिन्स्की यांनी रचलेली पहिली बॅले 'एका मृगदेवाची दुपार' (लाप्रे-मिदी दं फोन) २९ मे, इ.स. १९१२ रोजी पॅरिसमध्ये सादर झाली. संगीत क्लोद दब्युसी यांचे होते. उड्यांसाठी ख्यातनाम असलेल्या नर्तकाने या रचनेत उड्या जवळजवळ वर्ज्य केल्या आणि प्राचीन ग्रीक भांड्यांवरील चित्रांप्रमाणे शरीराची एक बाजू दाखवणाऱ्या कोनाकार हालचाली योजल्या. शेवटच्या शृंगारिक हावभावामुळे मोठा वाद झाला. त्याच महिन्यात भारतातील काल्पनिक प्रसंगावर आधारलेल्या 'ल दिय ब्ल' (निळा देव) या फोकिन यांच्या बॅलेत त्यांनी शीर्षकभूमिका केली होती. ती फारशी यशस्वी ठरली नाही.

२९ मे, इ.स. १९१३ रोजी पॅरिसच्या शाँझेलिझे नाट्यगृहात इगोर स्त्राविन्स्की यांच्या संगीतावरील 'वसंताचा विधी' (ल साक्र द्यु प्रँताँ) सादर झाली. प्रेक्षकांच्या गदारोळात नर्तकांना संगीत ऐकू येईना, तेव्हा निजिन्स्की यांनी विंगेत खुर्चीवर उभे राहून ओरडून मात्रा मोजल्या. आत वळवलेली पावले, वाकलेली पाठ आणि जमिनीवर आदळणाऱ्या उड्या यांसाठी नर्तकांचे शरीर घडवलेले नव्हते. तालमी दीर्घ आणि कष्टाच्या झाल्या. नर्तकांची त्याबद्दल तक्रारही होती.

विवाह आणि मंडळीतून गच्छंती

इ.स. १९१३ च्या ऑगस्टमध्ये मंडळी दक्षिण अमेरिकेला निघाली. समुद्रप्रवासाच्या भीतीने द्यागिलेव बरोबर गेले नाहीत. १० सप्टेंबर रोजी ब्वेनोस आयरेस येथे निजिन्स्की यांनी रोमोला द पुल्स्की या हंगेरियन तरुणीशी विवाह केला. वार्ता कळताच द्यागिलेव यांनी त्यांना मंडळीतून काढून टाकले.

इ.स. १९१४ च्या मार्चमध्ये निजिन्स्की यांनी बहिणीच्या साहाय्याने लहानशी मंडळी उभारून लंडनच्या पॅलेस थिएटरमध्ये आठ आठवड्यांचा करार केला. हे विविध करमणुकीचे नाट्यगृह होते. नर्तक, नृत्यरचनाकार, शिक्षक आणि व्यवस्थापक ही सारी कामे त्यांच्यावर येऊन पडली. दोन आठवड्यांतच ते आजारी पडले. लागोपाठ काही प्रयोग चुकल्याने नाट्यगृहाने करार रद्द केला. यापूर्वी ज्यांनी त्यांच्यासाठी वेळ, भोजन, निजानीज आणि पैसा सांभाळला, त्यांचे मोल या हंगामात दिसून आले.

महायुद्ध आणि अमेरिकेचा दौरा

पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा निजिन्स्की कुटुंब बुडापेस्टमध्ये होते. रशियन प्रजाजन म्हणून त्यांना सासुरवाडीच्या घरी स्थानबद्ध करण्यात आले. नर्तकाच्या आयुष्यातील भरभराटीचा हा काळ रंगमंचाविना गेला. या अवधीत त्यांनी नृत्य लिहून ठेवण्याची एक लिपी विकसित केली.

अनेकांच्या मध्यस्थीने त्यांची सुटका झाली आणि इ.स. १९१६ च्या एप्रिलमध्ये ते न्यूयॉर्कला पोहोचले. त्याच वर्षीच्या शरद ऋतूतील दौऱ्यात द्यागिलेव नव्हते; मंडळीचे कलात्मक नेतृत्व निजिन्स्की यांच्याकडे सोपवण्यात आले. रिखार्ड श्ट्राउस यांच्या संगीतावरील 'टिल ऑयलेनश्पीगल' ही नवी बॅले अपुऱ्या वेळात बसवायची होती. तालमीच्या धांदलीत त्यांचा घोटा मुरगळला. पहिला प्रयोग पुढे ढकलावा लागला आणि हंगामाचा आरंभ त्यांच्याशिवायच झाला. २३ ऑक्टोबर रोजी 'टिल' सादर झाली. त्यानंतर इ.स. १९१७ च्या फेब्रुवारीपर्यंत मंडळीने आगगाडीने पन्नासहून अधिक शहरांचा दौरा केला. अनेक ठिकाणी एकच प्रयोग करून गाडी पुढे निघे. नुकत्याच बरे झालेल्या घोट्याला ही दगदग कठीण होती. कारभाराचा अनुभव नसल्याने दौऱ्यात गोंधळही झाला आणि आर्थिक तोटा मोठा झाला.

इ.स. १९१७ मध्ये त्यांनी स्पेन व दक्षिण अमेरिकेत बॅले रूसबरोबर शेवटचे प्रयोग केले. ३० सप्टेंबर रोजी माँतेव्हिदेओ येथे रेडक्रॉसच्या मदतीसाठी झालेल्या कार्यक्रमात ते सार्वजनिक रंगमंचावर शेवटचे नाचले.

आजारपण आणि मृत्यू

इ.स. १९१७ च्या अखेरीस निजिन्स्की कुटुंब स्वित्झर्लंडमधील सेंट मोरित्झ येथे राहण्यास गेले. १९ जानेवारी, इ.स. १९१९ रोजी तेथील एका हॉटेलात निमंत्रितांसमोर त्यांनी नृत्य केले. युद्धाचे भय व्यक्त करणारे ते नृत्य पाहून उपस्थित सुन्न झाले. त्याच दिवसांत त्यांनी दैनंदिनी लिहिण्यास प्रारंभ केला. मार्चमध्ये झुरिच येथे मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी त्यांना छिन्नमनस्कता झाल्याचे निदान केले. या विकाराचे कारण म्हणून अतिश्रम, द्यागिलेव यांच्याशी झालेली ताटातूट, स्थानबद्धता अशा अनेक गोष्टी सांगितल्या गेल्या आहेत. मात्र अशा विकाराचे एकच एक कारण सांगता येत नाही.

पुढील तीस वर्षे त्यांची रुग्णालयांत आणि घरी आळीपाळीने शुश्रूषा झाली. इ.स. १९३९ मध्ये नर्तक सर्ज लिफार त्यांना भेटावयास गेले व त्यांच्यासमोर नाचले. तेव्हा पन्नाशीला आलेल्या, बेडौल झालेल्या निजिन्स्की यांनी साध्या कपड्यांतच अचानक उडी घेतली. छायाचित्रकाराने तो क्षण टिपला आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर हे दांपत्य इंग्लंडला गेले. ८ एप्रिल, इ.स. १९५० रोजी लंडन येथे मूत्रपिंडाच्या विकाराने निजिन्स्की यांचे निधन झाले. इ.स. १९५३ मध्ये त्यांचे अवशेष पॅरिसच्या माँमार्त्र दफनभूमीत हलवण्यात आले.

वारसा

निजिन्स्की यांच्या नृत्याचे चलच्चित्रण उपलब्ध नाही. छायाचित्रे, चित्रे आणि समकालीनांच्या आठवणी एवढीच साधने आहेत. त्यांच्या लिपीतील टिपणांचा उलगडा करून 'मृगदेवाची दुपार' पुन्हा बसवण्यात आली. 'वसंताचा विधी' ची मूळ नृत्यरचना संशोधनातून पुन्हा उभी करून इ.स. १९८७ मध्ये अमेरिकेत सादर करण्यात आली. त्यांच्या दैनंदिनीची काटछाट केलेली आवृत्ती इ.स. १९३६ मध्ये, तर संपूर्ण पाठ विसाव्या शतकाच्या अखेरीस प्रसिद्ध झाला.

आज अनेक मोठ्या बॅले मंडळ्यांत मालिशकार, भौतिकोपचार तज्ज्ञ आणि वैद्य यांचे स्वतंत्र पथक असते. प्रमुख भूमिका एकाहून अधिक नर्तकांना शिकवून ठेवतात, जेणेकरून जायबंदी नर्तकाला विश्रांती देता यावी. निजिन्स्की यांच्या काळी ही व्यवस्था एखाद्या आश्रयदात्याच्या मर्जीवर अवलंबून होती आणि त्यांच्या जागी दुसरा नर्तक प्रेक्षकांना चालत नसे.